नांगरावांचून मका

भोकर हा शब्द कानीं पडला कीं शहरांतील गृहिणीस आधीं लोणच्याची बरणी आठवते. त्या चिकट गराच्या फळाचें झाड महाराष्ट्रांत बांधाबांधावर आढळतें. त्याच नांवाचें एक तालुक्याचें गांव नांदेडच्या पूर्वेस, मुदखेडाहून आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निझामाच्या अंमलाखालीं होता. पुढें १९५६ पर्यंत तो हैदराबाद राज्यांतच राहिला, नंतर मुंबई राज्यांत आला आणि १९६० पासून महाराष्ट्रांत आहे. अंमल बदलले, सरकारी दफ्तरें उर्दूंतून मराठींत आलीं, परंतु गांवाभोंवतालची काळी माती होती तीच राहिली. तिच्यावर पूर्वीं ज्वारी आणि गावरानी कापूस डोलत असे. आज सोयाबीन आणि कापूस यांचें राज्य आहे. जोडीला तूर, हरभरा, आणि विहिरीस पाणी टिकत असेल तेथें मका.

या मातीच्या बाबतींत गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांत एक वाद पुनःपुन्हां उपस्थित झाला आहे. पीक घेण्यापूर्वीं जमीन नांगरावी कीं नाहीं, हा तो वाद. शहरवासीयांस हा प्रश्नच चमत्कारिक वाटेल. कारण शेती म्हणजे नांगर हें समीकरण या देशाच्या भाषांतच मुरलेलें आहे. कृषि या शब्दाचा धातूच ओढणें, नांगरणें या अर्थाचा. सीता म्हणजे नांगराचें तास आणि बलरामाचें आयुध म्हणजे नांगर. मराठी भाषेनें मात्र या अवजाराची दुसरी बाजूहि ध्यानांत ठेविली आहे. एखाद्या गांवाचा समूळ विध्वंस झाला कीं त्यावर गाढवाचा नांगर फिरला, असें म्हणण्याची रीत आहे. पुण्यावर असा नांगर फिरविला गेला आणि पुढें जिजाबाईंनीं त्याच भूमींत बाल शिवाजीच्या हातून सोन्याचा नांगर धरविला, ही परंपरागत कथा मराठी मुलास शाळेंत जाण्यापूर्वींच ठाऊक असते.

जुना मराठवाडी शेतकरी भारी काळ्या जमिनींत नांगर घालण्यास फारसा उत्सुक नसे, ही गोष्ट मात्र बहुतेकांस माहीत नसते. एकोणिसाव्या शतकांत दख्खन व वऱ्हाड प्रांतांसंबंधीं जीं गॅझेटियरें निघालीं, त्यांत काळ्या जमिनीच्या मशागतीचें वर्णन जवळजवळ एकसारखें आहे. नांगर दरवर्षीं घालीत नाहींत; तीन, पांच, क्वचित् त्याहून अधिक वर्षांनीं एकदां घालतात. मधल्या वर्षांत सारी भिस्त वखरावर. वखर म्हणजे लांकडी खोडास खालून बसविलेलें आडवें लोखंडी पातें. या पात्यास फास म्हणतात. फास जमिनीच्या वरच्या दोन-तीन इंचांच्या थरांतून सरपटत जाते, तणांचीं मुळें कापते, वरची माती भुसभुशीत करते; पण खालचा थर वर आणीत नाहीं. उन्हाळ्यांत आणि पहिल्या पावसानंतर वखराच्या दोन-चार पाळ्या झाल्या कीं तिफण चालविण्यास जमीन तयार. आजच्या शास्त्रीय परिभाषेंत या पद्धतीस कमी मशागतीची शेती हें नांव द्यावें लागेल. ज्या शेतकऱ्यानें ती पिढ्यान्‌पिढ्या चालविली, त्याला या नांवाची गरज कधीं पडली नाहीं.

दूरच्या अधिकाऱ्यांना या रीतींत आळस दिसे. १८८९ सालीं विलायतेच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनशास्त्रज्ञ डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर यांना हिंदी शेतींत सुधारणा सुचविण्यासाठीं इकडे पाठविण्यांत आलें. वर्षभर देश हिंडून त्यांनीं जो अहवाल लिहिला, तो १८९३ मध्यें प्रसिद्ध झाला. विलायती नांगर आणून हिंदी शेती सुधारेल, असें त्यांच्याकडून ऐकूं इच्छिणाऱ्यांची त्या अहवालानें निराशाच केली असेल. चांगला हिंदी शेतकरी सरासरी इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीचा आहे, कांहीं बाबतींत त्याहून सरस आहे, असा अभिप्राय डॉक्टरसाहेबांनीं दिला. आणि देशी अवजारें जमिनीस व बैलांच्या शक्तीस धरून आहेत, हेंहि त्यांच्या नजरेंतून सुटलें नाहीं. त्यांच्याहि आधीं, १८८३ मध्यें, जोतीराव फुले यांनीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. डोंगरावरून पाण्याबरोबर येणारा पाल्याचा व मातीचा कस शेतांत मुरावा, तो वाहून जाऊं नये, यासाठीं सरकारनें फौजेतील व पोलिसांतील फाजील माणसांकडून ठिकठिकाणीं ताली-बंधारे बांधवावे, अशी सूचना त्यांनीं त्यांत केली आहे. जमिनीचा कस पावसाच्या पाण्याबरोबर निघून जात आहे, ही जाणीव त्या काळींच व्यक्त झाली होती. पुढील सर्व वादाचें मूळ या एका वाक्यांत आहे.

काळ्या जमिनीस नांगराची गरज कमी कां, याचें कारण तिच्या घडणींत सांपडतें. बेसाल्ट नांवाच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन ही माती तयार झाली. तिच्यांतील चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळतांना आकसतात. म्हणून पावसाळ्यांत जी जमीन पायाला सोडीत नाहीं, तीच वैशाखांत हात-हात खोल भेगाळते. या भेगांत वरची भुकटी, पालापाचोळा, शेणकूट पडत राहतें. पहिल्या पावसानें माती फुगते, भेगा मिटतात आणि वरचें खालीं गेलेलें तेथेंच गाडलें जातें. शेतकरी म्हणतो कीं काळी आपली आपणच नांगरली जाते. मृद्‌शास्त्रज्ञांनीं हीच गोष्ट पुढें सूक्ष्मदर्शकाच्या आणि प्रयोगशाळेच्या साहाय्यानें सिद्ध केली आहे.

मग लोखंडी नांगर आला कसा? त्याला बोलावून आणण्याचें श्रेय एका गवतास दिलें पाहिजे. कुंदा नांवाचें हें गवत काळ्या जमिनींत फार खोलवर मुळें सोडतें. वखराची फास त्याचा शेंडा कापते, पण त्याच्या मुळास हात लावूं शकत नाहीं. हरळीचेंहि तसेंच. शेतें कुंद्यानें भरलीं कीं पीक हातचें जाई आणि लांकडी नांगर त्यापुढें हतबल ठरे. अशा वेळीं खोल जाऊन माती उलटणारा लोखंडी नांगर हें मोठेंच वरदान वाटलें, आणि तें वाटणें खोटें नव्हतें. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवीं देशी बनावटीचा लोखंडी नांगर तयार केला. १९१० मध्यें औंध संस्थानांतील ओसाड माळावर त्यांनीं किर्लोस्करवाडी वसविली आणि तेथून हा नांगर खेडोपाडीं पोंचूं लागला. लोखंडानें जमीन विषारी होते, या समजुतीमुळें पहिले नांगर खपण्यास फार काळ लागला, असें सांगतात. या समजुतीची थट्टा करणें सोपें आहे. परंतु ज्याला चार-सहा बैल जुंपावयास मिळत नव्हते, त्याच्या भयाला दुसरेंहि एक कारण होतें. नांगर कर्जानें घ्यावयाचा, बैल उसने आणावयाचे आणि फळ पावसाच्या हातीं.

दुष्काळी भागांत या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास १९२३ पासून पुण्याजवळ मांजरी येथें आणि पुढें १९३३ पासून सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर व रोहतक अशा पांच केंद्रांत झाला. यांपैकीं रायचूर निझामाच्या राज्यांत असल्यामुळें मराठवाड्याचा त्याच्याशीं संबंध निकटचा. नारायण विनायक कानिटकर प्रभृतींनीं या कोरडवाहू संशोधनांत आयुष्य वेंचलें. त्यांतून जी मुंबई पद्धत म्हणून ओळखली गेली, तींत बांधबंदिस्ती, विरळ पेरणी आणि वारंवार कोळपणी यांवर भर होता; नांगरट मात्र तीन वर्षांतून एकदांच करावी, अशी शिफारस होती. म्हणजे प्रयोगशाळेनें फिरून फिरून शेतकऱ्याच्या जुन्या रिवाजापाशींच मुक्काम केला. दुर्दैवानें शिफारशीचा हा भाग पुढें विसरला गेला. स्वातंत्र्यानंतर ट्रॅक्टर आला, त्याच्या मागें पलटी नांगर आला, शेवटीं मातीचें पीठ करणारा रोटाव्हेटर आला. गोठ्यांतील बैल एकेक करून कमी झाले. पोळ्याच्या दिवशीं शहरांतल्याप्रमाणें खेड्यांतहि मातीच्या बैलांची पूजा करणारीं घरें आतां पुष्कळ आहेत. तीन वर्षांतून एकदां होणारी नांगरट दरवर्षींची झाली. ती करणारा भाड्याचा ट्रॅक्टर, आणि भाडें पेरणीच्या आधींच रोख.

या वादांत मक्याचें नांव येण्यास एक मौजेचें कारण आहे. ज्वारी, गहूं, भात हीं पिकें बैलाच्या आणि नांगराच्या सहवासांत वाढलीं. मका मात्र नांगर न पाहतांच मोठा झाला. सुमारें नऊ हजार वर्षांपूर्वीं मेक्सिकोच्या दक्षिण भागांतील बाल्सास नदीच्या खोऱ्यांत टिओसिंटे नांवाच्या रानगवतापासून तेथील लोकांनीं मका घडविला. त्या गवताच्या कणसांत बोटाच्या पेराएवढ्या जागेंत मूठभरहि नाहींत इतके थोडे, टणक कवचाचे दाणे असत. त्यापासून आजचें टपोरें कणीस तयार करणें हें मानवी कर्तृत्वाचें एक आश्चर्य आहे. त्या खंडांत औत ओढणारें जनावर नव्हतें. टोंकदार काठीनें जमिनींत भोंक पाडावें, दोन-चार दाणे टाकावे, पायानें माती लोटावी, इतकीच मशागत. त्याच शेतांत मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढे आणि जमीन भोपळ्याच्या पानांनीं झांकली जाई. ऊन मातीस लागत नसे, पावसाचा थेंब तिला झोडपीत नसे. स्पॅनिश लोक येईपर्यंत हजारों वर्षें अशा शेतीवर मोठमोठीं नगरें जगलीं.

सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांबरोबर मका हिंदुस्थानांत आला, तेव्हां मात्र तो नांगराच्या राज्यांत शिरला. महाराष्ट्रांत बराच काळ त्याला परसांतील कौतुकाचें पीक एवढीच प्रतिष्ठा होती. १९७२ च्या दुष्काळांत मराठवाड्यांतील लोकांनीं परदेशी मिलो ज्वारी खाल्ली, सुकडी खाल्ली, आणि परक्या धान्याची आठवण अनेक घरांत कडवट राहिली. मका-संशोधनाची अखिल भारतीय समन्वित योजना १९५७ सालीं सुरू झाली होती. तिच्यांतून १९६१ मध्यें जे पहिले संकरित वाण निघाले, त्यांत हैदराबादेंत तयार झालेल्या वाणाचें नांवच 'डेक्कन' असें होतें. पुढें कोंबड्यांच्या खाद्यानें आणि स्टार्चच्या कारखान्यांनीं मक्याला बाजार दिला; अलीकडे मोटारींच्या इंधनांत मिसळावयाच्या इथेनॉलसाठीं त्याची मागणी वाढली आहे. शहरांत पावसाळ्यांत निखाऱ्यावर भाजलेल्या कणसापलीकडे ज्याचा परिचय नाहीं, तो मका अंड्याच्या आणि मोटारीच्या रूपानें शहरांत रोज येत असतो.

नांगराविरुद्ध पहिली मोठी फिर्याद झाली ती मक्याच्याच देशांत, उत्तर अमेरिकेंत. १८३७ मध्यें जॉन डीअरनें पोलादी नांगर तयार केल्यापासून तेथील गवताळ मैदानें उलथीं करण्याचा सपाटा सुरू झाला. पहिल्या महायुद्धांत गव्हाचे भाव चढले, तेव्हां कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्सास या संस्थानांतील उरलींसुरलीं कुरणें नांगराखालीं आलीं. १९३० नंतर अवर्षण पडलें आणि मुळांनीं बांधून ठेवलेली माती मोकळी झालेली असल्यामुळें ती वाऱ्यावर उडाली. १४ एप्रिल १९३५ रोजीं धुळीचें असें वादळ आलें कीं भर दुपारीं अंधार पडला. हजारों कुटुंबें घरेंदारें सोडून पश्चिमेकडे गेलीं. त्याच महिन्यांत अमेरिकेच्या सरकारनें मृद्‌संधारणाचें स्वतंत्र खातें काढलें. एडवर्ड फॉकनर या ओहायो संस्थानांतील माजी कृषिप्रचारकानें १९४३ मध्यें एक पुस्तक लिहून सरळ आव्हानच दिलें कीं, नांगरट कां करावी याचें शास्त्रीय कारण आजवर कोणीं दिलेलें नाहीं. तज्ज्ञ खवळले, पुस्तक मात्र हातोहात खपलें.

फॉकनरच्या मार्गांत अडचण एकच होती, तण. नांगराचा खरा उपयोग माती सुपीक करण्यापेक्षां तण मारण्याचा होता, हें त्याच्या टीकाकारांच्याहि हळूहळू लक्षांत आलें. ही अडचण रसायनानें दूर केली. महायुद्धानंतर तणनाशकें निघालीं; १९६० च्या सुमारास पॅराक्वाट बाजारांत आलें. १९६२ मध्यें केंटकी संस्थानांतील हर्नडन गांवीं हॅरी यंग नांवाच्या शेतकऱ्यानें पाऊण एकरापेक्षांहि लहान तुकड्यांत, एक जुनें पेरणीयंत्र दुरुस्त करून, नांगरट न करतां पेरणी केली. पीक होतें मक्याचेंच. शेजारीपाजारी पाहण्यास आले आणि कांहीं वर्षांत ही रीत एकराएकरांनीं नव्हे, तर लाखों एकरांनीं पसरली. टोंकदार काठीचें काम यंत्र करूं लागलें आणि भोपळ्याच्या पानांचें काम औषध. या दुसऱ्या अदलाबदलीची किंमत काय, याचा हिशेब अद्यापि चालू आहे.

मराठवाड्याच्या मातीकडे परत येतांना वाटेंत हैदराबाद लागतें. त्या शहराजवळ पटनचेरू येथें १९७२ मध्यें इक्रिसॅट ही कोरडवाहू शेतीची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. भोकरच्या मातीची सख्खी बहीण शोभेल अशी काळी माती तेथें आहे. जोराच्या पावसांत अशा जमिनींत पाणी तुंबतें, आणि मका तर लहानपणीं चार दिवसहि पायांत पाणी सोसत नाहीं. म्हणून तेथील शास्त्रज्ञांनीं सुमारें दीड-दीड मीटरवर सरी काढून मधें रुंद, किंचित् उंच गादीवाफे केले. वाफे कायमचे, बैलांनीं आणि चाकांनीं चालावयाचें तें सरींतूनच, म्हणजे पिकाची जागा तुडविली जात नाहीं. १९७६ पासून तीस वर्षांहून अधिक काळ चाललेल्या प्रयोगांत सुधारलेल्या पद्धतीनें हेक्टरीं सरासरी सुमारें पांच टन धान्य निघालें, तर पावसाळ्यांत जमीन पडीत ठेवून रब्बींत एकच पीक घेण्याच्या जुन्या रीतींत सुमारें एक टन. या वाढींत सुधारलेलें बियाणें, खत आणि दुहेरी पीक यांचाहि वांटा होता, आणि थोडी मशागत तेथेंहि होत असे. तेव्हां सारें श्रेय वाफ्यास देणें बरोबर नाहीं. त्यासाठीं बनविलेलें चाकांचें अवजार मात्र शेतकऱ्यानें पत्करलें नाहीं. तें उत्तम होतें आणि महाग होतें.

आंध्रांत मात्र कोणीं न शिकवितां एक गोष्ट घडली. कृष्णा व गुंटूर जिल्ह्यांत भात निघाल्यावर त्याच ओलीवर उडीद घेण्याची रीत होती. उडदावर पिवळा रोग आणि अमरवेल यांनीं धाड घातली, तेव्हां शेतकऱ्यांनीं या शतकाच्या आरंभापासून भाताच्या धसकटांतच मका टोकण्यास सुरुवात केली. चिखलणीनें दगडासारखी झालेली जमीन नांगरून भुसभुशीत करण्यांत जे दिवस आणि जी ओल गेली असती, ती वांचली. शास्त्रज्ञ मोजमाप करण्यास आले ते नंतर.

महाराष्ट्रांत या विचाराचे दोन पुरस्कर्ते विशेष प्रसिद्ध आहेत आणि दोघांच्या जमिनी मराठवाड्याहून अगदीं भिन्न. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर हे कृषिपदवीधर शेतकरी. कंपोस्ट घालूनहि जमिनीचा कस घटतो, हें स्वतःच्या शेतांत अनुभवल्यावर त्यांनीं ऊस आणि भात नांगरणीशिवाय घेण्याचा मार्ग धरला. पिकाचें मूळ हेंच जमिनीचें खत, तें जागच्या जागीं सावकाश कुजूं द्यावें, असा त्यांचा सिद्धान्त. दुसरे रायगड जिल्ह्यांतील नेरळच्या सगुणा बागेचे चंद्रशेखर भडसावळे. त्यांनीं भाताची चिखलणी आणि लावणी दोन्ही रजेवर पाठविल्या. सुमारें साडेचार फुटांवर सऱ्या काढून गादीवाफे एकदांच करावयाचे, लोखंडी सांच्यानें ठराविक अंतरावर छिद्रें पाडून बीं टोकावयाचें, पीक कापतांना मुळें जमिनींतच ठेवावयाचीं आणि पुढच्या हंगामांत त्याच वाफ्यावर वाल, भुईमूग किंवा मका घ्यावयाचा. या सगुणा पद्धतीचा बोलबाला कोंकणांतून घाट चढून आला. २०१८ मध्यें जागतिक बँकेच्या साहाय्यानें सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्पांत नांदेडसह मराठवाड्याचे सारे जिल्हे होते. त्याच्या द्वारें कापूस, सोयाबीन आणि मका या पिकांसाठीं शून्य मशागतीचा प्रचार काळ्या जमिनींत झाला.

भोकरसारख्या भागांत, जेथें पाऊस साधारणतः नऊशें मिलिमीटरच्या आसपास पण चार-सहा दांडग्या सरींत कोसळणारा, तेथें ही पद्धत करते काय? उन्हाळ्यांत नांगरून उघडी टाकलेली जमीन मृगाच्या पहिल्या झोडपणीस तोंड देते, तेव्हां थेंबाच्या मारानें ढेंकूळ फुटतें, बारीक कण मातीचीं छिद्रें बुजवितात, पाणी मुरण्याऐवजीं वाहूं लागतें आणि ओढ्याचें पाणी काळें होतें. तें काळेंपण म्हणजे शेतकऱ्याची ठेव. वरून धसकटें आणि पाला असले तर थेंबाचा जोर मोडतो. खालीं मागील पिकाचीं मुळें कुजून नळ्या पडलेल्या असतात, त्यांतून पाणी उतरतें आणि गांडुळांस वाट मिळते. वारंवारच्या नांगरटीनें मातींत हवा खेळते हें खरें. पण त्या हवेबरोबर मातींतील सूक्ष्म जीव सेंद्रिय कर्ब भराभर खाऊन टाकतात, ही गोष्ट पूर्वीं लक्षांत येत नसे. चुलींत फुंकर घातली कीं जाळ चांगला होतो, पण लांकूडहि लौकर संपतें, तसलाच हा प्रकार. सोयाबीन कापल्यावर आश्विन-कार्तिकांत जमिनींत जी ओल असते, ती नांगरटीनें उडून जाते. त्याच धसकटांत लगेच मका टोकला तर ती मक्याच्या कामीं येते, आणि विहिरीचें एखादें पाणी वांचतें. मराठवाड्यांत एका पाण्याची किंमत काय, हें निराळें सांगावयास नको.

तथापि या पद्धतीचे प्रचारक सांगतात तितका मार्ग गुळगुळीत नाहीं. ज्या शेतांत कुंदा किंवा हरळी आहे तेथें नांगर टाकून देणें म्हणजे शेत गवताच्या स्वाधीन करणें होय. कृषिखातें उन्हाळी खोल नांगरट करावयास सांगतें, त्यालाहि कारण आहे. गुलाबी बोंडअळीचे, किंवा २०१८ मध्यें भारतांत प्रथम दिसलेल्या आणि मक्यास छळणाऱ्या लष्करी अळीचे कोष त्यामुळें उन्हांत उघडे पडून मरतात, पाखरें ते वेंचतात. नांगर सोडणाऱ्यास किडीचा बंदोबस्त दुसऱ्या उपायांनीं, म्हणजे पिकाची फेरपालट करून आणि नजर ठेवून, करावा लागतो.

सर्वांत कठीण गांठ आहे ती तणनाशकाची. वखरानें जें काम केवळ बैलाच्या श्रमावर होई, तें आतां बाटलींतून येतें. ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्र सरकारनें २०२२ मध्यें निर्बंध घातले आणि तें केवळ परवानाधारक कीडनियंत्रकांकरवींच वापरावें असें ठरविलें. खेड्यांतील प्रत्यक्ष फवारणी मात्र अनेक ठिकाणीं पाठीवर पंप बांधलेला, तोंडास नुसता रुमाल गुंडाळलेला मजूरच करतो. माती वांचविण्यासाठीं आणलेली रीत त्याच्या फुप्फुसाच्या जिवावर चालणार असेल, तर हिशेब पुरता झाला असें म्हणतां येत नाहीं. तण उगवूं द्यावें, फुलावर येण्यापूर्वीं कापून तेथेंच अंथरावें, हा दुसरा मार्ग उपलब्ध आहे. त्याला औषध कमी आणि माणूस जास्त लागतो.

तिसरी अडचण वैरणीची. धसकटें आणि पाला शेतांत ठेवावा, हें वाचतांना गोड वाटतें. पण फाल्गुन-चैत्रांत कडब्याच्या पेंढीचा भाव चढलेला असतो आणि दारीं म्हैस उभी असते. मक्याची ताटें जमिनीस द्यावीं कीं म्हशीस? ज्याच्या घरीं दुधाचे पैसे आठवड्याच्या बाजारास पुरतात, तो उत्तर देण्यास क्षणभरहि थांबत नाहीं. अनेकांनीं मधला तोडगा काढला आहे. ताट गुडघाभर ठेवून वरचें कापतात, म्हणजे मूळ व बुडखा जमिनीचा आणि शेंडा जनावराचा. पुस्तकांतल्या नियमांत हा तोडगा बसत नाहीं, पण व्यवहारांत बसतो.

आणि लोकापवाद आहेच. शेत न नांगरतां ठेवणारा तो आळशी, त्याच्या घरीं अडचण असेल, ट्रॅक्टरवाल्याची बाकी थकली असेल, असे तर्क पारावर चालतात. वखरावर भागविणाऱ्या आजोबास हा टोमणा कोणीं मारला नसता. नांगरट ही प्रतिष्ठेची बाब झाली ती नातवाच्या काळांत.

एका जुन्या निषेधास मात्र या पद्धतीनें सहज बगल दिली आहे. बाईनें नांगरास हात लावूं नये, लावला तर पाऊस रुसतो, असा समज महाराष्ट्रांत सर्वत्र होता. पेरणीच्या वेळीं तिफणीवर चाडें धरणें, मागून निंदणें-खुरपणें, कापणी करणें हीं कामें तिचीं, परंतु औताचा रुमणा तिच्या हातीं कधीं दिला गेला नाहीं. टोकणींत औतच नाहीं. दोरी ताणून दोन-दोन फुटांवर ओळी आंखतात, वीतभर अंतरावर छिद्र पाडून दोन इंच खोल दाणा सोडतात आणि पायानें माती दाबीत पुढें सरकतात. हें काम बहुतेक ठिकाणीं बायकाच करतात. एक जण दोरी सरकविते, तिघी-चौघी वांकून दाणे टाकतात, आणि दिवस मावळेपर्यंत एका एकराची टोकण उरकते. मजुरी ओळीवर द्यावी कीं रोजावर, यावरून बांधावर घासाघीस चालते. ओळीवर ठरली तर त्यांच्या हातीं चार पैसे अधिक पडतात, म्हणून बहुतेक वेळां त्या ओळीचाच हट्ट धरतात.